दुसऱ्याच्या जमिनीवरची आशा

मद्रास शहर भाडेकरू संरक्षण कायदा १९२१ चा. त्याचा अंमल २१ फेब्रुवारी १९२२ पासून सुरू झाला. त्याची उद्देशिका एका वाक्याची आहे आणि त्या वाक्यात ‘आशा’ हा शब्द येतो. शहराच्या अनेक भागांत लोकांनी दुसऱ्यांच्या जमिनींवर घरे बांधली आहेत. जमिनीचे वाजवी भाडे देत राहिलो तर आपल्याला कोणी उठवणार नाही, या आशेवर बांधली आहेत. म्हणून त्यांना संरक्षण देणे आवश्यक आहे, असा तिचा आशय. मालकी, करार, ताबा हे कायद्याचे रोजचे शब्द. केवळ आशेची दखल घेऊन तिला बाजारभाव लावणारा कायदा विरळाच.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला यातली मेख एकदम कळणार नाही. आपल्याकडे भाडेकरू म्हटले की चाळीतली खोली डोळ्यांपुढे येते. भिंती मालकाच्या, कौले मालकाची, सामाईक नळ आणि संडास मालकाचे. भाडेकरूचे असते ते फक्त बिऱ्हाड. मद्रासमधल्या गरिबांपैकी पुष्कळजण मात्र घर भाड्याने घेत नसत, जमीन घेत. तिच्यावर माती, बांबू आणि माडाची झापे वापरून स्वतःच घर उभे करत. पैसे साठले की विटांची भिंत घालत, पुढे जमले तर कौले. घर गळते, पावसाळ्यात आत पाणी शिरते, ही तक्रार मालकाकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण भिंती भाडेकरूच्याच होत्या. मालकाने जागा खाली करायला सांगितली की काय होई, तेही ठरलेले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेकरूने आपले बांधकाम उचलून न्यावे. बांबू नेता येतात. मातीची भिंत, ओटा, भर घालून उंच केलेली जमीन कशी नेणार?

ही पद्धत शहरात उगवलेली नव्हे. मद्रासला वेढून असलेल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात, इंग्रजी दप्तरातल्या चिंगलपुटात, शेतमजुरांची घरे मिरासदारांच्या जमिनीवर असत. १८९१ मध्ये तिथला जिल्हाधिकारी ट्रेमनहीर याने जिल्ह्यातल्या परैयर समाजाविषयी एक टिपण सरकारला सादर केले. त्यात घराच्या जागेचा प्रश्न ठळकपणे आला आहे. मजुरीवरून वाद झाला, मजुराने दुसरीकडे काम धरले किंवा स्वतःसाठी पडीक जमीन मागितली, की त्याला घरातून उठवण्याची धमकी देता येई. मजुरीची आणि निवाऱ्याची दोरी एकाच हातात होती. पुढे या लेखात ज्या सेम्मंचेरी आणि पेरुंबाक्कमची नावे येणार आहेत, ती गावे याच जुन्या चिंगलपुटातली.

पहिल्या महायुद्धानंतर मद्रासमध्ये जागांचे भाव चढले आणि जमीनमालकांना आपल्या जमिनी मोकळ्या हव्याशा वाटू लागल्या. १९२१ हे साल गिरणी भागात वेगळ्याच कारणाने पेटलेले होते. बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलचा संप, त्यात सवर्ण आणि आदिद्रविड कामगारांत पडलेली फूट, आणि पुलियांतोपमधल्या जाळलेल्या झोपड्या. भाडेकरू कायदा या दंगलीमुळे झाला असे मी म्हणत नाही. पण ज्या शहरात तो झाला, तिथे कामगाराचे घर म्हणजे एका काडीचे काम होते, हे लक्षात ठेवलेले बरे. पुलियांतोप हे नावही पुढे पुन्हा येईल.

कायद्याने भाडेकरूच्या हाती दोन गोष्टी दिल्या. कलम ३ प्रमाणे, उठवायचे असेल तर आधी भाडेकरूने उभ्या केलेल्या इमारतीची आणि लावलेल्या झाडांची भरपाई द्या. कलम ९ त्याहून धाडसी होते. मालकाने बेदखलीचा दावा लावला की भाडेकरूने उलट कोर्टाला म्हणावे, ही जमीनच मला विकायला लावा. किंमत कोर्ट ठरवणार. आणि मूळ कायद्याप्रमाणे ती आदेशाच्या आधीच्या ७ वर्षांतल्या सर्वांत कमी बाजारभावाने. म्हणजे उठवायला गेलेल्या मालकाच्या हातून जमीनच जाण्याची पाळी. त्या काळच्या मुंबईत, १९१८ च्या भाडेनियंत्रणाने भाडी गोठवली होती, पण भाडेकरूला मालक करण्याची कल्पना तिथे कोणाच्या डोक्यात नव्हती.

कायद्याला एक कुंपण होते आणि ते तारखेचे होते. तो लागू होता फक्त अंमल सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या जमिनींना. २२ फेब्रुवारी १९२२ ला कोणी जमीन भाड्याने घेऊन झोपडी घातली, तर त्याची आशा कायद्याच्या लेखी शून्य. ही तारीख पुढे सरकायला १९५५ साल उजाडावे लागले. मधल्या तेहतीस वर्षांत शहर कुठल्या कुठे वाढले होते.

आणि आशेवर जगणारे सगळे काही झोपडीतले नव्हते. मैलापूर क्लब ही प्रतिष्ठितांची संस्था कपालीश्वरर मंदिराच्या जमिनीवर भाडेकरू आहे. १९९६ च्या दुरुस्तीने देवस्थानांच्या जमिनी या कायद्यातून वगळल्या, तेव्हा क्लब त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये हरला. गरिबांच्या नावाने झालेल्या कायद्याचा लाभ सर्वांत चिकाटीने कोण लढवतो, हे पाहण्यासारखे असते. वकिलाची फी देऊ शकणारा भाडेकरू हा नेहमीच अधिक दीर्घायुषी भाडेकरू असतो.

पण या लेखाचा माणूस मैलापूर क्लबही नाही आणि झोपडी बांधणाराही नाही. तो तिसरा आहे. जमीन एकाची, झोपडी दुसऱ्याची आणि त्या झोपडीच्या अर्ध्या भागात पडदा लावून राहणारे कुटुंब तिसरे. १९२१ च्या कायद्यात ‘भाडेकरू’ म्हणजे दुसरा माणूस. तिसऱ्याकडे त्या घराचे काहीच नव्हते; तो फक्त दरमहा पैसे देत होता. मद्रासच्या पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर संरक्षण पुन्हापुन्हा येते आणि पुन्हापुन्हा या तिसऱ्या माणसाच्या उंबऱ्याशी येऊन थांबते.

अपवाद एक आहे, आणि तो मोलाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या भाडेनियंत्रणाची पक्की आवृत्ती म्हणजे १९६० चा कायदा. त्यात ‘इमारत’ या शब्दाच्या व्याख्येतच झोपडी आहे, आणि झोपडीचा भाडेपट्ट्याने दिलेला भागही आहे. ती परवानगी घेऊन बांधली आहे का, नकाशा मंजूर आहे का, हे व्याख्येने विचारलेले नाही. भाड्याने दिली, इतके पुरे. पडद्यामागच्या कुटुंबाला कायद्याने प्रथमच दार उघडले ते इथे. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने भाडे-नियंत्रकाकडे अर्ज करावा. त्याने परवानगी दिली की स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा, वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा. मुंबईच्या कायद्यात हीच मर्यादा चौथ्या हिश्श्याची. म्हणजे मुंबईचा भाडेकरू वर्षाला तीन महिन्यांच्या भाड्याइतकी डागडुजी मालकाच्या खर्चाने करू शकत होता आणि मद्रासचा एका महिन्याच्या. ज्या झोपडीचे भाडेच काही रुपये, तिच्या एका महिन्याच्या भाड्यात झापांचे किती पदर येणार?

शिवाय घर मोडकळीला आले की त्याचा फायदा मालकाला. पाडून नवे बांधायचे आहे, हे बेदखलीचे मान्य कारण होते. इमारत अगदी कोसळायला आलेली असायची गरज नाही, मात्र तिचे वय आणि अवस्था पाहिली जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्याच एका खटल्यात १९९६ मध्ये सांगितले. त्यामुळे दुरुस्ती टाळत राहणे मालकाच्या सोयीचे होते. आज टाळलेला खर्च उद्या पुरावा म्हणून उपयोगी पडत असे. आपल्याकडच्या चाळींचे मालक हे गणित चांगले ओळखतात.

आता १९७१. त्या एकाच वर्षी तामिळनाडूने आणि महाराष्ट्राने झोपडपट्टी कायदे केले. दोन्हींचा पूर्वज दिल्लीला लागू झालेला १९५६ चा केंद्रीय कायदा, त्यामुळे तोंडवळा सारखाच आहे. इमारती माणसांनी राहण्यास अयोग्य असतील, दाटी, मोडतोड, उजेड-वाऱ्याचा अभाव यांमुळे आरोग्याला घातक असतील, तर सरकारने तो भाग झोपडपट्टी म्हणून घोषित करावा. एकदा घोषणा झाली की तिथल्या भाडेकरूला ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढता येणार नाही. तामिळनाडूत हे कलम २९, महाराष्ट्रात कलम २२. परवानगी देण्याआधी अधिकाऱ्याने पाहायचे ते हे, की या माणसाला परवडेल असा दुसरा निवारा मिळणार आहे का. दिल्लीच्या मूळ तरतुदीला मालकांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ती वैध ठरवली होती.

ही कल्पना किती उलटी आहे ते मुंबईचा इतिहास आठवला की कळते. १८९६ च्या प्लेगात मुंबईतल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी तीन अक्षरे रंगवली जात. राहण्यास अयोग्य, असा त्यांचा अर्थ. अक्षरे उमटली की बिऱ्हाड रस्त्यावर. १८९८ मध्ये आलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, आणि जितक्यांना उठवले तितक्यांना घरे दिली नाहीत. घर अयोग्य म्हणजे राहणारा अपराधी, असा तो हिशोब होता. १९७१ च्या कायद्यांत तोच ‘अयोग्य’ हा शब्द भाडेकरूची ढाल झाला. घर वाईट आहे, म्हणूनच त्याला उठवायचे नाही.

आदल्याच वर्षी, १९७० मध्ये, अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात जाव्हिन्स खटल्याचा निकाल लागला. क्लिफ्टन टेरेस नावाच्या इमारतींतल्या भाडेकरूंनी भाडे थांबवले होते. गृहनियमांचे सुमारे १,५०० भंग त्यांनी पुढे केले. न्यायाधीश स्केली राइट यांनी म्हटले की राहण्यालायक घर देणे हे मालकाच्या कराराचेच अंग आहे. ते मोडले तर भाड्याची जबाबदारीही कमी होते. तिकडे वाईट घरामुळे भाडे कमी झाले, इकडे मुक्काम पक्का झाला. गरिबाला दोन्हींतले काय हवे होते, याचे उत्तर मद्राससारख्या शहरात अवघड नव्हते. जिथे दुसरे घर मिळण्याची खात्रीच नाही, तिथे भाड्यातल्या सवलतीपेक्षा मुक्काम मोलाचा. पण त्याची किंमतही होती. कायद्याने राहण्याचा हक्क दिला; ज्यात राहायचे ते घर सुधारून मागण्याचा हक्क मात्र दिला नाही. ते काम सरकारने आपल्याकडे घेतले. १९७० मध्ये करुणानिधींच्या सरकारने झोपडपट्टी निर्मूलन मंडळ स्थापन केले, आणि पहिल्या काही वर्षांत मंडळाने झोपड्यांच्याच जागी चारमजली इमारती उभ्या केल्या. माणसे कामाच्या ठिकाणापासून हलली नाहीत, हे त्या इमारतींचे खरे श्रेय.

ढाल चालते ती घोषणा झाली तर. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मद्रासमधल्या १,२०२ वस्त्या झोपडपट्टी म्हणून घोषित झाल्या. १९८५ मध्ये आणखी १७. त्यानंतर यादी तिथेच थांबली. कायदा रद्द झाला नाही, कलम २९ पुस्तकात तसेच राहिले. फक्त नव्या वस्त्यांना त्याच्या आत घेणे बंद झाले. एखादा हक्क काढून घेण्याची ही सर्वांत शांत रीत. विधानसभेत चर्चा नाही, वर्तमानपत्रात मथळा नाही.

त्याच १९८५ मध्ये मुंबई आणि मद्रास सर्वोच्च न्यायालयात शेजारीशेजारी उभे होते. ऑल्गा टेलिस खटला आपल्याला ठाऊक असतो. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्यांना आपापल्या गावी पाठवण्याचे जाहीर केले. अर्जदारांपैकी एकजण तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर होता. १९६१ मध्ये तो पोटासाठी मुंबईला आला होता. त्याची झोपडी पाडून त्याला बायकामुलांसह सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायकामुले तिथे राहिली. तो परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहू लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात आणला आणि पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, पाडापाडी थांबवली. त्यानंतर नाही. मद्रासचा खटला के. चंद्रू यांनी लढवला. ते तेव्हा वकील होते, पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तिथे न्यायालयाने तामिळनाडू सरकारच्या आजवरच्या कामाची वाखाणणी केली आणि ही आस्था ते पुढेही दाखवील असा विश्वास व्यक्त केला. हुकूम दिला नाही. १९२१ मधली आशा अशी पुन्हा अवतरली. फरक इतकाच, की या वेळी ती न्यायालयाने धरली.

पुढच्या काळात शहराबाहेरची पुनर्वसन वसाहत आली. २००० पासून कन्नगी नगर, मग सेम्मंचेरी, मग पेरुंबाक्कम. २०१५ च्या डिसेंबरातल्या महापुरानंतर अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठची हजारो कुटुंबे तिकडे गेली. नदीकाठ, रस्ता, कालवा या जागा सरकारी भाषेत ‘आक्षेपार्ह पोरंबोक’. पोरंबोक म्हणजे महसूल न आकारलेली सार्वजनिक जमीन, आपल्या गायरानाच्या जवळची. चेन्नईच्या बोलीत हा शब्द माणसाला हासडायची शिवी झाला आहे. अशा जागेवरच्या झोपडीत भाड्याने राहणाऱ्याचे नाव नोंदणीत लागणे कठीण. रेशन कार्डावरचा पत्ता, विजेची जोडणी, सगळे झोपडीमालकाच्या नावावर. पुनर्वसन होते ते कागदाचे. पडद्यामागचे कुटुंब पुढची झोपडी शोधते.

किंवा उलटा प्रवास घडतो. कन्नगी नगरात घर मिळालेले कुटुंब, कामधंदा वीस-पंचवीस किलोमीटर मागे राहिला म्हणून, शहरात परत येते आणि मिळालेले घर भाड्याने देते. वाटपाच्या अटींत हे बसत नाही. त्यामुळे सरकारने बांधलेल्या, मंजूर नकाशाच्या इमारतीत राहणारा भाडेकरू बेकायदा ठरतो. घर कायदेशीर, राहणे बेकायदा. मालकाकडे त्याने तक्रार केली तर मालक म्हणणार, माझ्याच नावाची अडचण होईल. आणि मंडळाकडे केली तर मंडळ विचारणार, तू कोण?

तक्रारीला कारणे कमी नाहीत. पुलियांतोपमधल्या के. पी. पार्कच्या नव्या गृहसंकुलात ऑगस्ट २०२१ मध्ये भिंतीचे प्लास्टर हाताने खरवडून निघत असल्याचे रहिवाशांनी दाखवले आणि आयआयटी मद्रासकडून तपासणी करवावी लागली. त्याच वर्षी २७ डिसेंबरला तिरुवोट्रियूरमध्ये मंडळाची इमारत कोसळली. २४ घरे गेली. तडे वाढताना दिसल्याने लोक आधीच बाहेर पडले होते, म्हणून जीव वाचले. मंडळाचे नाव मात्र त्या वर्षी बदलले होते. ‘झोपडपट्टी निर्मूलन’ जाऊन ‘नागरी अधिवास विकास’ आले.

बेकायदा घर म्हटले की झोपडीच आठवते, हेही बरोबर नव्हे. मद्रासमध्ये परवानगीपेक्षा जास्त मजले चढवलेल्या पक्क्या इमारती असंख्य. १९९८ मध्ये नगररचना कायद्यात ११३-अ हे कलम घालून दंड भरून त्या नियमित करण्याची सोय झाली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची कानउघाडणी केली, पण एकवेळची गोष्ट म्हणून ते कलम टिकवले. त्या बेकायदेशीरपणाला दर होता आणि तो मालकाने भरायचा होता. अग्निशमनाचा जिना नसलेल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूचे म्हणणे त्या व्यवहारात कुठे विचारले गेले नाही.

२०१७ मध्ये तामिळनाडूने १९६० चा कायदा मोडीत काढून घरमालक-भाडेकरू हक्क आणि जबाबदाऱ्यांचा नवा कायदा केला. तो २२ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. योगायोग म्हणून नोंदवतो, १९२२ च्या अंमलापासून ९७ वर्षे आणि एक दिवस. त्यात चांगले पुष्कळ आहे. चेन्नईत दहा महिन्यांचे भाडे ‘अ‍ॅडव्हान्स’ मागायची रीत होती. कायद्याने तीन महिन्यांची मर्यादा घातली. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करता येतो. घर राहण्याजोगे नसेल आणि लेखी सांगूनही मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूला घर सोडून जाता येते. पण सगळे उभे आहे लेखी करार आणि त्याची नोंदणी यांवर. करार झालेलाच नसेल, तर तेच बेदखलीचे कारण होते. बेकायदा मजला भाड्याने देणारा मालक करार नोंदवायला जाईल कशाला? आणि तो गेला नाही, याचा भुर्दंड भाडेकरूला. सरकारच्या आणि सरकारी मंडळांच्या मालकीच्या इमारती तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत.

त्यामुळे पेरुंबाक्कममध्ये दुसऱ्याला मिळालेल्या घरात तोंडी बोलीवर राहणाऱ्या बाईला आज विचारायचे तर ते १८८२ च्या कायद्याला. करार नसेल तर राहते घर महिन्यामहिन्याच्या बोलीवरचे समजावे आणि दोघांपैकी कोणीही १५ दिवसांची नोटीस देऊन ती मोडावी. पुराने किंवा वादळाने घर कायमचे निकामी झाले, तर भाडेकरूने हवे तर भाडेपट्टा संपला असे समजावे. आणि भाडे थकले, मालकाने दावा लावला, तर ‘हे घर तुझ्या मालकीचेच नाही, मंडळाचे आहे’ असे तिला म्हणता येत नाही. ज्याच्याकडून जागा घेतली त्याची मालकी नाकारायची नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्याचा नियम. कायद्याचे नाव बदलले तरी तो तसाच आहे.